मसाला कोणासाठी, कशासाठी?

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या वडप्यात आता गोदामांची रांग दिसते. जवळच आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. त्याचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. देशभरचा माल इथे उतरतो आणि पुढे जातो. याच वडप्यात उन्हाळ्यात आगरी घरांच्या गच्च्यांवर वर्षाच्या मसाल्याची मिरची वाळत घातलेली असते.

अशाच एका घरी मसाल्याचा जोडधंदा चालतो. घरधनी गोदामात पाळीने कामाला, मसाला सासू-सुनेच्या हातचा. त्यांच्याकडे बसून मी काम पाहिलं. मिरची मोडताना कडकन आवाज आला तरच ती वाळली असं सासूबाई मानतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल हे सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण धण्यांना लागणारी आच दगडफुलाला सोसत नाही. मग डंकावर कांडप, चाळण, आणि चाळणीवर उरलेलं पुन्हा डंकात.

पूर्वी हे सगळं अंदाजाने होई. आता सुनेने वजनकाटा आणला आहे आणि प्रत्येक जिन्नस वहीत लिहिला जातो. गोदामातल्या सहकाऱ्यांकडून मागण्या वाढल्या तेव्हा ही वही सुरू झाली. कोणाला कमी तिखट हवा होता, कोणाला गोडा मसाला, कोणाला पापडही. सगळ्यांना हो म्हटलं असतं तर विक्री लगेच वाढली असती. पण ब्याडगी-संकेश्वरीचं प्रमाण गिऱ्हाईकागणिक बदललं की पुढच्या वर्षी कोणती चव मागावी हे गिऱ्हाईकालाच कळत नाही. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "आमचा मसाला म्हावऱ्याचा न मटनाचा," म्हणजे मासळीचा आणि मटणाचा. वहीच्या पहिल्या पानावर सुनेने तेच लिहिलं. त्याखाली लिहिलं: गोडा मसाला नाही, पापड नाही, एकच तिखटपणा.

मला या धंद्यातलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटलं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात ८० रुपये उसने घेऊन सात बायकांनी सुरू केलेल्या लिज्जतनेही आरंभी दोन प्रतींचे पापड केले होते, हलके पापड स्वस्तात विकण्यासाठी. दर्जा एकच ठेवा, असा सल्ला ते पैसे उसने देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी दिला आणि तो मानला गेला. पुढचा विस्तार त्या एका प्रतीच्या आधारावर झाला.

नाव आणि नोंदणी ही त्यानंतरची पायरी. नुसतं ‘आगरी मसाला’ हे नाव कोणा एकाच्या मालकीचं होत नाही. १९९९चा व्यापारचिन्ह कायदा मालाचं केवळ वर्णन करणाऱ्या शब्दांना सहसा संरक्षण देत नाही. म्हणून घराण्याचं किंवा स्वतः घडवलेलं वेगळं नाव हवं. मसाले व्यापारचिन्हांच्या तिसाव्या वर्गात येतात आणि नोंदणी दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण करता येतं. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, अन्न परवान्याचा क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. ही यादी भरताना वहीतलं पहिलं पान फार उपयोगी पडतं: घटक ठरलेले, वजन ठरलेलं, जबाबदार कोण तेही ठरलेलं.

नोकरी सांभाळून जोडधंदा करणाऱ्याकडे वेळ आणि भांडवल दोन्ही मोजकंच असतं. दहा प्रकारांचा कच्चा माल भरला की पैसा बरण्यांत अडकतो, आणि कोणत्याच प्रकारावर हात बसत नाही. म्हणून दुसरा डंक घेण्याआधी, गावाबाहेर माल पाठवण्याआधी आपण काय करतो, कोणासाठी करतो आणि काय करणार नाही, हे लिहून काढावं. ओळखीपाळखीची माणसं पहिलं पाकीट आपुलकीनेही नेतात. दुसऱ्या वर्षी ती त्याच चवीसाठी परत आली, तर धंदा वाढवायची वेळ झाली असं समजावं.