पांच टक्क्यांचा उंबरठा

निवडणुकीचे दिवस आले कीं घरोघरीं एक वाद हटकून निघतो. घरांतील एखादा तरुण मुलगा किंवा नुकतीच लग्न होऊन आलेली सून एखाद्या लहानशा पक्षाचें नांव काढते, आणि वडीलमंडळींपैकीं कोणीतरी लगेच म्हणतें, "त्याला मत देणें म्हणजे मत पाण्यांत टाकणें!" या एका वाक्यानें पुष्कळशा पक्षांचा निकाल मतमोजणीपूर्वींच लागलेला असतो. जो निवडून येण्यासारखा नाहीं त्याला मत देणें हा खरोखरच अपव्यय आहे काय? ज्या पक्षाला राज्य चालवावयास मिळण्याचा संभव नाहीं, त्यानें निवडणुकींत उतरावेंच कशाला? या दोन प्रश्नांचा विचार जर्मनींतील एका बाईंनीं फार पोटतिडकीनें केला होता. त्यांचें नांव पेट्रा केली. त्या राजकारणी घराण्यांत जन्मल्या नव्हत्या, कीं पैशाच्या पाठबळावर पुढें आल्या नव्हत्या. सभा, मोर्चे, पत्रकें आणि पायपीट हेंच त्यांचें भांडवल. त्यांचीं मतें काय होतीं आणि त्या मतांचें पुढें काय झालें, याचा परिचय आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आजीची नात

पेट्राचा जन्म २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं बव्हेरियांतील ग्युन्झबुर्ग या गांवीं झाला. आईवडिलांची फारकत झाल्यामुळें तिचें लहानपण मुख्यतः आजीच्या छायेखालीं गेलें, आणि हीच आजी पुढें नातीच्या चळवळीच्या कामांतहि तिच्या पाठीशीं उभी राहिली. आईनें एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याशीं पुनर्विवाह केला. 'केली' हें आडनांव त्याचें. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास पेट्रा कुटुंबाबरोबर अमेरिकेस गेली. ती वॉशिंग्टन येथें विद्यापीठांत शिकत होती त्या वेळीं काळ्या लोकांच्या नागरी हक्कांची आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धची चळवळ ऐन भरांत होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कार्यामधून गांधीजींच्या सत्याग्रहाचा संस्कार तिच्या मनावर झाला, तो जन्मभर टिकला.

१९७० मध्यें तिची धाकटी बहीण ग्रेस अवघ्या दहाव्या वर्षीं कर्करोगानें वारली. या दुःखानें तिच्या आयुष्याला वळण दिलें. मुलांच्या कर्करोगासंबंधीं संशोधन व्हावें म्हणून तिनें बहिणीच्या नांवें निधि उभारला, आणि किरणोत्सर्गापासून होणाऱ्या अपायांचा अभ्यास करतां करतां ती अणुशक्तिविरोधी चळवळींत शिरली. ब्रुसेल्स येथें युरोपीय आयोगाच्या कचेरींत नोकरी सांभाळावयाची आणि सुटीचे दिवस गांवोगांवच्या सभांत घालवावयाचे, असा केलीबाईंचा क्रम कित्येक वर्षें चालला होता.

मोठें घर सोडून

आरंभीं केलीबाई जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासद होत्या. हा पक्ष जुना, मोठा आणि त्या काळीं सत्तारूढ. परंतु अण्वस्त्रें, आरोग्य आणि स्त्रियांचे प्रश्न या बाबतींत त्याची वागणूक पाहून १९७९ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. मोठ्या पक्षांत राहून आंतून सुधारणा करावी, हा शहाणपणाचा सल्ला त्यांनाहि मिळाला असेलच. पण मोठ्या पक्षांत लहान प्रश्नाला नेहमींच 'पुढच्या वेळीं पाहूं' असें उत्तर मिळतें, आणि कर्करोगानें मरणाऱ्या मुलाला पुढची वेळ नसते, ही त्यांची खरी तळमळ होती असें आम्हांस वाटतें.

त्याच वर्षीं युरोपीय संसदेच्या निवडणुकींत निरनिराळ्या स्थानिक चळवळींनीं मिळून 'हरित' या नांवानें एक यादी उभी केली आणि केलीबाईंचें नांव तिच्या अग्रभागीं घातलें. तिला ३.२ टक्के मतें मिळालीं. जागा एकहि मिळाली नाहीं. पण जर्मन कायद्याप्रमाणें ठराविक प्रमाणाहून अधिक मतें घेणाऱ्या पक्षास सरकार निवडणुकीच्या खर्चाची भरपाई देत असे, त्यामुळें हातीं पैसा आला. जानेवारी १९८० मध्यें कार्ल्सरूह येथें हरित पक्षाची रीतसर स्थापना झाली. हरलेल्या निवडणुकीनें पक्षाचा पाया घातला जावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मतांचें गणित

येथें जर्मन निवडणुकीची पद्धति थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. तेथें प्रत्येक मतदाराला दोन मतें असतात. पहिलें आपल्या मतदारसंघांतील उमेदवारास, दुसरें पक्षाच्या यादीस. कोणत्या पक्षाला एकंदरींत किती जागा मिळावयाच्या हें मुख्यतः दुसऱ्या मतांच्या प्रमाणावर ठरतें. मात्र १९३३ पूर्वींच्या प्रजासत्ताकांत असंख्य लहान पक्षांमुळें एकहि मंत्रिमंडळ स्थिर राहत नसे, हा कटु अनुभव गांठीशीं असल्यानें महायुद्धानंतर तेथें एक उंबरठा घालण्यांत आला. पांच टक्के मतें, किंवा तीन मतदारसंघांत विजय, यांपैकीं एकहि न साधणाऱ्या पक्षास यादीच्या जागा मिळत नाहींत.

आपल्याकडे प्रकार निराळा. मतदारसंघांत ज्याला सर्वांहून अधिक मतें पडलीं तो विजयी, बाकीच्यांचीं मतें हिशेबांतून गेलीं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत समाजवादी पक्षास सुमारें १०.६ टक्के मतें पडलीं, परंतु लोकसभेच्या ४८९ जागांपैकीं त्याच्या वांट्यास फक्त १२ आल्या. उलट कम्युनिस्ट पक्षास ३.३ टक्के मतांवर १६ जागा मिळाल्या. कारण त्याचीं मतें थोड्या प्रदेशांत एकवटलेलीं होतीं आणि समाजवाद्यांचीं देशभर विखुरलेलीं. २०१४ मध्यें बहुजन समाज पक्षास देशांत ४ टक्क्यांहून अधिक मतें मिळून लोकसभेंत एकहि जागा मिळाली नाहीं. आपल्या पद्धतींत लहान पक्षाला जगावयाचें असेल तर एखादा तालुका जिवाभावानें सांभाळावा लागतो. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्याहून अकरा वेळां विधानसभेवर निवडून आले, तें याच बळावर. जर्मनींत मात्र विखुरलेलीं मतेंहि एकत्र मोजलीं जातात; फक्त उंबरठा ओलांडावा लागतो.

१९८० च्या ऑक्टोबरांत हरित पक्षास अवघीं १.५ टक्के मतें मिळालीं. ६ मार्च १९८३ रोजीं तीं ५.६ टक्के झालीं, आणि पश्चिम बर्लिनचा एक प्रतिनिधि धरून २८ सभासद जर्मन संसदेंत गेले. कुंड्या, फुलें आणि आम्लयुक्त पावसानें वाळलेली झाडाची फांदी घेऊन ते सभागृहांत शिरले, तेव्हां कोट-नेकटाई घातलेल्या जुन्या सभासदांस हा पोरखेळ वाटला. त्या सभागृहांत स्त्रिया शंभरांत दहाहि नव्हत्या. हरित पक्षाच्या तीन प्रवक्त्यांपैकीं मात्र दोन स्त्रिया होत्या आणि त्यांतील एक केलीबाई.

पक्षविरोधी पक्ष

आपला पक्ष हा 'पक्षविरोधी पक्ष' आहे, असें केलीबाई म्हणत. हें ऐकावयास विचित्र वाटेल. त्यांचा आशय असा कीं, पक्ष नांवाच्या यंत्राला सत्तेची चटक लागते आणि ज्या कामासाठीं तें उभारलें तें काम मागें पडून यंत्र चालू ठेवणें हेंच काम होऊन बसतें. हें टाळावयाचें तर पक्षानें दोन पायांवर उभें राहावें. बंसीधराच्या मूर्तींत एक पाय भुईवर ठाम रोवलेला असतो आणि दुसरा किंचित् वांकवून हलका ठेवलेला असतो, हें आपण पाहतोंच. हरित पक्षाच्या परिभाषेंत रस्त्यावरील चळवळ हा रोवलेला पाय आणि संसद हा मोकळा पाय. भार कोणत्या पायावर आहे याचा विसर पडला कीं तोल गेलाच.

केलीबाईंचें वर्तन या मताशीं जुळतें होतें. १९८३ च्या मे महिन्यांत त्यांनीं पूर्व बर्लिनच्या भर चौकांत शांततेचा फलक फडकविला आणि तेथील पोलिसांनीं त्यांना पकडलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पश्चिम जर्मनींतील अमेरिकन क्षेपणास्त्रांच्या तळासमोर त्या धरणें धरून बसल्या. एका बाजूच्या शस्त्रांस विरोध आणि दुसऱ्या बाजूच्या शस्त्रांकडे कानाडोळा, असा प्रकार त्यांच्यापाशीं नव्हता.

त्यांचें दुसरें मत अधिक धाडसाचें आहे. १९८२ मध्यें, म्हणजे पक्षाला संसदेंत एकहि जागा नव्हती तेव्हां, एका मुलाखतींत त्यांनीं अशी भीति बोलून दाखविली कीं, उद्यां एकाएकीं तेरा टक्के मतें मिळालीं तर आपला पक्ष सत्तालोभी होईल. त्यापेक्षां सहा-सात टक्क्यांवर राहून मूळ मागण्यांविषयीं तडजोड न करणें बरें; हरित मंत्री होण्यापेक्षां तें चांगलें. मतें मागावयास निघालेल्या बाईनें अधिक मतांची भीति बाळगावी, असें उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

परंतु पक्षाचा प्रत्येक नियम त्यांना मान्य होता असेंहि नाहीं. कोणीहि खुर्चीला चिकटूं नये म्हणून निवडून आलेल्यानें दोन वर्षांनीं राजीनामा देऊन यादींतील पुढच्यास जागा द्यावी, असें पक्षानें ठरविलें होतें. दोन वर्षें काम समजून घेण्यांतच जातात, असें म्हणून केलीबाईंनीं जागा सोडली नाहीं. यामुळें पुष्कळ सहकारी दुखावले, आणि त्यांचा राग अगदीं निराधार होता असें म्हणवत नाहीं. तत्त्वनिष्ठ पक्षांत तत्त्वें एकमेकांवर आदळतात तेव्हां होणारी भांडणें सत्तेच्या भांडणांहून कमी बोचरीं नसतात.

हिशेब

मग या पक्षानें साधलें काय? क्षेपणास्त्रांविरुद्धचें संसदेंतील मतदान तो हरला. पण एप्रिल १९८६ मध्यें चेर्नोबिलचा अपघात झाला आणि जूनमध्यें कोल यांच्या पुराणमतवादी सरकारनें स्वतंत्र पर्यावरण खातें निर्माण केलें. अपघात हें तात्कालिक कारण; पण प्रश्नाला वाचा आधींच फुटली होती, ती लहान पक्षामुळें. त्याच वर्षीं हरित पक्षानें उमेदवारींत निम्म्या जागा स्त्रियांस देण्याचा नियम केला. १९८८ मध्यें सोशल डेमोक्रॅटांनीं आणि १९९६ मध्यें ख्रिश्चन डेमोक्रॅटांनीं त्याच वाटेनें कमीअधिक पाऊल टाकलें. लहान पक्षाचा प्रश्न मोठ्यानें उचलावा, हा त्या लहान पक्षाचा पराभव नसून विजय होय.

पराभवहि झाले. १९९० मध्यें दोन्ही जर्मनी एक होत असतां सारा देश त्या आनंदांत होता, तेव्हां हरित पक्षानें 'सगळे जर्मनीविषयीं बोलतात, आम्ही हवामानाविषयीं बोलतों' अशा आशयाची घोषणा दिली. पश्चिम भागांत त्याला ४.८ टक्के मतें पडलीं आणि उंबरठ्याला ठेंच लागून पक्ष बाहेर पडला. आज ती घोषणा वाचतांना तिला हंसूं येत नाहीं. पक्षांतील भाऊबंदकीविरुद्ध केलीबाईंनीं कडक शब्दांत लिहिलें, पण १९९१ मध्यें पक्षाचें प्रमुखपद मागितलें तेव्हां त्यांना फारच थोडीं मतें मिळालीं. १९ ऑक्टोबर १९९२ रोजीं बॉन येथील घरांत त्यांचा मृतदेह आढळला. त्यांचे सोबती, माजी सेनापति गेर्ट बास्टियान यांनीं त्यांना गोळी घालून मग स्वतःचाहि अंत केला, असा पोलिसांचा निष्कर्ष निघाला. केलीबाईंचें वय तेव्हां चव्वेचाळीस वर्षांचें होतें.

त्यांना ज्याची भीति होती तेंच पुढें घडलें. १९९८ मध्यें हरित पक्ष संमिश्र मंत्रिमंडळांत शिरला आणि १९९९ मध्यें अहिंसेचें ब्रीद मिरविणाऱ्या या पक्षाच्या परराष्ट्रमंत्र्यानें कोसोव्होच्या युद्धांत जर्मन विमानें पाठविण्यास संमति दिली. परंतु त्याच मंत्रिमंडळानें अणुशक्तीचीं केंद्रें क्रमाक्रमानें बंद करण्याचा करार केला, आणि मधल्या काळांत धोरण बरेंच इकडेतिकडे होऊन अखेर १५ एप्रिल २०२३ रोजीं जर्मनींतील शेवटचीं तीन केंद्रें बंद झालीं. तें शहाणपणाचें झालें कीं नाहीं यावर तेथें अद्याप वाद आहे. पण केलीबाई ज्यासाठीं घराबाहेर पडल्या तें काम तडजोड करणाऱ्या मंत्र्यांच्या हातून पार पडलें, हें नाकारतां येत नाहीं.

आमच्या मतें केलीबाईंचा निष्कर्ष अर्धाच खरा ठरला. तडजोडीवांचून कायदा होत नाहीं. पण तडजोड न करणारें कोणीतरी आधीं उभें राहिल्याखेरीज तडजोडीला विषयच मिळत नाहीं. म्हणून लहान पक्षाला मत देण्यापूर्वीं तो जिंकेल काय हें विचारण्यापेक्षां तीन गोष्टी पाहाव्या. निवडणूक नसतांना हीं माणसें कोठें असतात? त्यांचा प्रश्न इतर कोणी उचलला तर त्यांना आनंद होतो कीं मत्सर वाटतो? आणि उद्यां खुर्ची मिळाली तर कोणती एक गोष्ट ते कदापि सोडणार नाहींत? या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर त्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली तरी घरांतील तरुणांचें मत फुकट गेलें असें वडीलमंडळींनीं म्हणूं नये. तें मत पेरलेलें असतें. आणि पेरलेलें लगेच उगवत नाहीं, हें शेतीवाडी पाहिलेल्या आपल्या वडिलांस कोणी शिकवावयास नको.