डाग जाईल, पण बाटल्या एकत्र करू नका

चतुर्थीचे दिवस. मालवणकडच्या घरात रात्री भजन झालेले असते. गणपतीसमोर जाजम, सतरंजी अंथरलेली, त्यावर मुंबईहून आलेल्या मुलाने आणलेला नवा गालिचा. भजनी मंडळींना काळ्या वाटाण्याची उसळ, पाव आणि चहा दिला जातो. कुणाच्या हाताला धक्का लागतो, कुणाच्या कपाळावरचा गुलाल खाली सांडतो. सकाळी घर आवरताना गालिच्यावर पिवळा, गुलाबी आणि जांभळट असे तीन डाग दिसतात. घरातली बाई धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन बसते. पिवळ्या डागावर फेस येतो आणि बघता बघता तो डाग लालभडक होतो. शेजारीण डोकावते आणि म्हणते, "ह्यो डाग काय आता जाणा नाय!"

अडचण इथूनच सुरू होते. एका बाटलीने डाग गेला नाही की दुसरी बाटली येते, मग तिसरी. डाग निघो न निघो, बंद मोरीत या बाटल्या एकमेकींत मिसळल्या तर जिवावर बेतू शकते. म्हणून डाग काढण्याआधी तो कशाचा आहे आणि कशावर पडला आहे, एवढे ओळखणे गरजेचे असते.

पिवळा डाग लाल का होतो?

हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. आम्लात किंवा साध्या पाण्यात तो पिवळा राहतो, अल्कधर्मी पदार्थ लागला की तांबूस-लाल होतो. धुण्याची पावडर, कपड्यांचा साबण, खाण्याचा सोडा हे सगळे अल्कधर्मी. म्हणजे डाग वाढलेला नसतो, त्याने फक्त रंग बदललेला असतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. लाल झालेल्या डागावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकले की तो पुन्हा पिवळा होतो.

हळदीचे आणखी दोन गुण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. शिवाय सुती धाग्याला ते आपोआप चिकटते, रंग पक्का करणारा दुसरा पदार्थ त्याला लागत नाही. म्हणून नुसत्या पाण्याने उसळीचा डाग हलत नाही. आधी त्यावर मक्याचे पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घ्यावे. अर्ध्या तासाने झाडून, पांढऱ्या कापडावर थोडे स्पिरिट किंवा हातावर लावायचे सॅनिटायझर घेऊन टिपावे. हे करताना जवळ देवाची समई, गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. उरलेला रंग उन्हात उडतो, कारण कर्क्युमिन उजेडात तुटते. भाद्रपदात ऊन पावसाच्या मर्जीवर असते, पण मिळेल तेवढे द्यावे.

सोलकढी आणि काजूचे बोंड

कोकमाचा रंग हळदीपेक्षा वेगळा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या ज्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याच्या सालीत अँथोसायनिन गटातली रंगद्रव्ये असतात. ती पाण्यात सहज विरघळतात. आम्लात ती लाल दिसतात. आम्लता कमी झाली की जांभळी आणि अल्कधर्मी साबणात निळसर-हिरवट होतात. सरबताच्या डागावर साबण घासल्यावर मळकट निळा पट्टा उमटतो तो यामुळेच.

कोकमाचा डाग ताजा असेल तर थंड पाणी हेच पहिले औषध. पाणी शिंपडायचे, कोरड्या कापडाने टिपायचे, पुन्हा शिंपडायचे. उरलेल्या डागावर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी असे मिश्रण लावून टिपावे. सोलकढी असेल तर गरम पाणी टाळावे. तिच्यात नारळाचे दूध असते आणि त्यातली प्रथिने उष्णतेने धाग्यात घट्ट बसतात. दुधाचा स्निग्धांश मात्र थंड पाण्याने जात नाही. त्यासाठी कपभर पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचे द्रव मिसळून टिपावे.

मे महिन्यात काजूच्या बोंडाचे डाग पडतात. बोंडाच्या रसात टॅनिन असते. टॅनिनला लोहाचा स्पर्श झाला की काळपट रंग तयार होतो. जुन्या काळी लिहिण्याची काळी शाई याच क्रियेतून बनत असे. म्हणून बोंडाच्या डागावर लोखंडी घासणी फिरवू नये आणि विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला लोहाचा तांबूसपणा असेल तर ते वापरू नये. इथेही थंड पाणी, मग पातळ व्हिनेगर, हाच क्रम.

जांभ्याची माती, गुलाल आणि रंग

पावसात पायांबरोबर घरात येणारी तांबडी माती म्हणजे जांभ्या दगडाची भुकटी आणि तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. हा रंग ब्लीचने जात नाही, उलट पाण्यातले विरघळलेले लोह ब्लीचमुळे गंजासारखे धाग्यावर बसते. ओली माती पुसू नये. ती पूर्ण वाळू द्यावी, झटकावी, ब्रशने काढावी आणि मगच ओले कापड लावावे. पिवळसर डाग उरला तर लिंबाचा रस लावून काही वेळाने साध्या पाण्याने टिपून काढावा. लिंबातले सायट्रिक आम्ल लोहाला धरून सोडवते.

गुलालाचीही हीच गोष्ट. गुलाल म्हणजे बहुधा स्टार्च किंवा शंखजिऱ्यासारख्या भुकटीवर चढवलेला कृत्रिम रंग. कोरडा असेपर्यंत तो झटकून जातो, पाणी लागले की रंग सुटतो आणि धाग्यात शिरतो. म्हणून आधी गालिचा बाहेर नेऊन उलटा झटकावा, व्हॅक्युम क्लीनर असेल तर वापरावा. लोकर आणि नायलॉन यांवर असे कृत्रिम रंग फार घट्ट बसतात. एक-दोन प्रयत्नांत डाग फिका झाला नाही तर गालिचा धुणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावा.

गालिचा कशाचा आहे?

एकच उपाय सतरंजीवर चालतो आणि गालिच्यावर चालत नाही. सतरंजी बहुधा सुती असते. महाग गालिचा लोकरीचा असू शकतो. बाजारातले स्वस्त गालिचे पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असतात. कडेचा एक धागा तोडून, चिमट्यात धरून घराबाहेर पेटवून पाहिला तर कळते. कागद जळाल्यासारखा वास आला तर सूत, केस जळाल्यासारखा आला तर लोकर. धागा वितळून गोळा झाला तर तो कृत्रिम आहे.

लोकर हे केसांसारखेच प्रथिन. क्लोरीनचे ब्लीच लोकर अक्षरशः खाऊन टाकते. ताग आणि काथ्याच्या चटया फार भिजवल्या तर त्यांचाच तपकिरी रंग सुटून नवा डाग पडतो.

कोणताही उपाय आधी कोपऱ्यावर करून पाहावा. घासू नये, टिपावे. डागाच्या कडेकडून मध्याकडे यावे, नाहीतर डाग पसरतो.

हट्टी डागावर हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. रंगद्रव्याच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते आणि तिच्यामुळे रंग दिसतो. पेरॉक्साइड ही साखळी तोडते. केमिस्टकडच्या बाटलीवरची टक्केवारी वाचावी. ६ टक्के असेल तर तेवढेच पाणी घालून ते ३ टक्के करावे. हातमोजे घालावेत, दहा-पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने टिपून काढावे. गालिच्याचा मूळ रंगही यामुळे उडू शकतो, म्हणून कोपऱ्याची चाचणी टाळू नये. व्हिनेगर लावलेल्या जागी पेरॉक्साइड लावायचे असेल तर मध्ये साध्या पाण्याने दोन-तीनदा टिपून घ्यावे, कारण ही दोन्ही एकत्र आली की डोळे आणि घसा जाळणारे पेरासेटिक आम्ल तयार होऊ शकते.

मोरीतला धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. कपड्यांचे पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. संडास धुण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडलेला वायू हाच. व्हिनेगर किंवा लिंबू ब्लीचमध्ये पडले तरी तो तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन हे विषारी वायू निघतात.

क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो खाली साचतो. मोरीत उकिडवे बसून गालिचा घासणाऱ्या बाईच्या आणि शेजारी खेळणाऱ्या मुलाच्या नाकाशी तो आधी पोहोचतो. पर्यटकांच्या हंगामात निवास-न्याहारीच्या घरांतून दिवसभर चादरी आणि पायपुसणी धुणाऱ्या महिलांनाही हा धोका आहे.

करोनाच्या साथीत, २०२० साली, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एका महिलेची हकीगत प्रसिद्ध केली होती. तिने भाजी धुण्यासाठी सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केले. तिला श्वास घेता येईना आणि रुग्णालयात न्यावे लागले. तिचा हेतू स्वच्छतेचाच होता.

रोज थोडे थोडे हुंगण्याचाही परिणाम होतो. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपातील ६,२३५ जणांची सुमारे वीस वर्षांची माहिती तपासली होती. घरी किंवा नोकरी म्हणून साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुफ्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने कमी होताना आढळली. अशा अभ्यासातून कारण पक्के सिद्ध होत नाही, पण खिडकी उघडी ठेवण्यासाठी आणि फवाऱ्याऐवजी ओले कापड वापरण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

वास नाकात झणझणला, डोळ्यांत पाणी आले, ठसका लागला तर भांडे उचलायला थांबू नका. आधी मोकळ्या हवेत या. डोळे साध्या वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा. खोकला किंवा धाप काही तासांनी वाढू शकते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. धाप लागत असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

सरबताची बाटली

आपल्याकडे कोकमाचे आगळ आणि सरबत जुन्या बाटल्यांत भरून ठेवण्याची सवय आहे. कित्येक घरांत सुटे आणलेले ॲसिड, फिनेल किंवा ब्लीचही तशाच बाटल्यांत असते. मे महिन्यात तहानलेल्या मुलाला हा फरक कळत नाही. घातक द्रव मूळ बाटलीतच, नावासह आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. कुणी चुकून प्यायले तर उलटी करवू नका, मीठपाणी किंवा लिंबूपाणी पाजू नका. गिळताना जेवढे जळते तेवढेच उलटीत पुन्हा जळते. तोंड पाण्याने पुसून घ्या आणि बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठा.

एक गोष्ट वाळवण्याची. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात भिजवलेला जाड गालिचा दिवसेंदिवस आतून ओला राहतो आणि त्यात बुरशी धरते. दम्याच्या रुग्णाला ती डागापेक्षा कितीतरी जास्त त्रास देते. म्हणून पावसाच्या दिवसांत गालिचा पूर्ण भिजवू नये. फक्त डागाची जागा ओली करावी, कोरड्या पंचाने दाबून पाणी काढावे आणि दोन्ही बाजूंनी पंख्याखाली वाळवावे.

एवढे करूनही काही डाग राहतात. त्या जागी पाट ठेवा, नाहीतर गालिच्याची दिशा बदला. पुढच्या चतुर्थीला भजनाआधी त्यावर जुनी सतरंजी अंथरा.