न जुळवलेला पंचम

घरी गाणं रेकॉर्ड करायला आता फार सामान लागत नाही. लॅपटॉप, छोटा ऑडिओ इंटरफेस, एक मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्यावर काम सुरू होतं. मग रेकॉर्डिंग ऐकताना गाण्याच्या तळाशी एक अखंड ‘घूंऽऽ’ जाणवते. गायक श्वास घ्यायला थांबतो, ती थांबत नाही. बहुतेकांची पहिली समजूत अशी, की सामान स्वस्तातलं म्हणून हे होतं आणि महागडा इंटरफेस आणला की जाईल. ही समजूत मला चुकीची वाटते. मायक्रोफोनची किंवा इंटरफेसची स्वतःची खरखर ‘स्स्स्’ अशी, सूर नसलेली असते. त्या घूंला मात्र ठरावीक सूर आहे, आणि त्यावरूनच कळतं की ती घराच्या वीजपुरवठ्यातून येते. आवाजाच्या तारेत वीज शिरायला जी वाट मिळाली आहे, ती तशीच राहिली तर दसपट किमतीचं यंत्रही घुमेल.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. म्हणून घूं ५० हर्ट्झवर आणि त्याच्या १००, १५०, २०० अशा पटींवर येते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ती ६०, १२० अशी घुमते. छोट्या स्पीकरना ५० हर्ट्झ नीट वाजवता येत नाही, त्यामुळे कानाला जास्त करून १०० आणि त्यावरचेच सूर लागतात. आता पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तानपुरा घ्या. त्याची मंद्र पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झला असते. १०० हर्ट्झची घूं म्हणजे सुमारे एक-तृतीयांश अर्धस्वराने चढलेला पंचम, आणि दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे ऐकू येतात. अर्धा तास खपून जुळवलेल्या तानपुऱ्यात हा न जुळवलेला पंचम मिसळतो. यावर आक्षेप येतो, की नंतर सॉफ्टवेअरने ती काढता येतेच की. नुसतं बोलणं रेकॉर्ड केलं असेल तर ते बऱ्यापैकी जमतं. संगीतात मात्र १०० हर्ट्झपाशी रुंद काप घेतला तर ९८ची तारही छाटली जाते. अगदी अरुंद घेतला तर फिल्टर स्वतःच थोडा घुमत राहतो. म्हणून घूं मुळातच शिरू न देणं हा उपाय खरा.

पहिली गोष्ट, ती रेकॉर्डिंगमध्ये आहे की फक्त स्पीकरमध्ये, हे पाहावं. गाणं हेडफोनवर ऐकताना स्वच्छ वाटलं, तर दोष स्पीकरच्या जोडणीत आहे. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवावं. घूं गेली, तर वाट चार्जरमधून होती. दोन पिनांच्या चार्जरमधून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या धातूवर येतो. हात फिरवला की लागणाऱ्या बारीक झिणझिण्या त्याच्याच. तीन पिनांच्या उपकरणांमध्ये वेगळीच अडचण होते. लॅपटॉप एका भिंतीच्या सॉकेटला, कीबोर्डचा अॅम्प्लिफायर दुसऱ्या, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल मध्ये. दोन्ही सॉकेटांचं अर्थिंग कुठेतरी एकत्र येतंच, पण त्यांच्यात किंचित व्होल्टेजचा फरक राहतो. त्या फरकाने केबलच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह फिरू लागतो, आणि साध्या दोन तारांच्या केबलमध्ये ती जाळी आवाजाचीही वाट असते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणली, की फरक कमी होतो आणि घूं पुष्कळदा तिथेच बसते. एका बोर्डवर एवढा भार पेलेल का, ही शंका रास्त आहे. ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॅट देतो, आणि लॅपटॉप, इंटरफेस, छोटे स्पीकर मिळून त्याच्या जवळपासही जात नाहीत. फक्त इस्त्री आणि स्वयंपाकघरातला मिक्सर त्या बोर्डवर नकोत.

तिसरी पिन काढून टाकली की घूं जाते, असा सल्ला सर्रास दिला जातो. घूं जाते हे खरंच आहे, आणि म्हणूनच तो सल्ला घातक आहे. अॅम्प्लिफायरमध्ये एखादी तार सुटून धातूच्या खोक्याला लागली, तर प्रवाह त्या पिनेवाटे जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल, तर तो त्याला जोडलेल्या गिटारच्या तारांवर येऊन वादकाच्या हाताची वाट बघतो. ‘द यार्डबर्ड्स’ या बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली स्वतःच्या घरी, अर्थिंग नीट नसलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. लूप तोडायचा तर आवाजाच्या तारेत तोडावा, विजेच्या नाही. आवाजाच्या तारेत मध्ये लावायच्या पॅसिव्ह डीआय बॉक्समध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज त्यातून चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे जातो, धातूचा थेट सांधा राहत नाही, आणि अर्थिंगही शाबूत राहतं. मायक्रोफोनला एक्सएलआर केबल वापरायची तीही घूं आवाजाच्या तारेतच रोखायला. तिच्यातल्या दोन तारांतून आवाज एकमेकांच्या उलट जातो, बाहेरची घूं दोन्हींवर सारखीच बसते. इंटरफेस दोन्हींतला फरक घेतो तेव्हा आवाज उरतो, घूं वजा होते.

जुन्या किंवा भाड्याच्या घरांत तिसऱ्या भोकामागे तारच नसते, तेव्हा काय करायचं, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं आणि नसेल तर घरमालकाकडे त्याचा आग्रह धरावा. ते काम रेकॉर्डिंगपुरतं नाही, घरातल्या गीझरसाठीही तितकंच गरजेचं आहे. तोवर घूं कमी करायला अंतर उपयोगी पडतं. विजेच्या अॅडॉप्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं, म्हणजे अंतर दुप्पट केलं की ते साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. अॅडॉप्टर इंटरफेसवरून उचलून टेबलाखाली ठेवणं, ऑडिओ केबल विजेच्या वायरला समांतर न नेता काटकोनात ओलांडणं, दिव्याचा डिमर पूर्ण बंद करणं, याला पैसा लागत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर रिकाम्या खोलीची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून ऐकावी.