डीपी

महावितरणच्या कागदावर तिचं नाव 'वितरण रोहित्र'. बुलढाणा जिल्ह्यातल्या शिवारात हे नाव कोणाच्या तोंडी नाही. घाटावर चिखली-मेहकरला असो की घाटाखाली नांदुरा-संग्रामपूरला, शेतकरी म्हणतो डीपी. मुळात डीपी म्हणजे डबल पोल. ज्या दोन खांबांवर हे यंत्र बसवतात त्या खांबांच्या जोडीचं नाव. ते यंत्रालाच लागलं. गावात नवा माणूस शेत विकत घ्यायला आला तर विहिरीला पाणी किती, याच्या पाठोपाठचा प्रश्न असतो: डीपी किती लांब आहे, आणि तिच्यावर पंप किती?

बाहेरून पाहिलं तर राखाडी रंगाची लोखंडी टाकी, अंगाला थंडाव्यासाठी नळ्या, वर चिनी मातीचे तपकिरी बुशिंग. आत चाक नाही, पट्टा नाही, बेअरिंग नाही. पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा, त्यावर तारेची दोन-दोन वेटोळी, तारेला कागदाचं वेष्टण आणि हे सगळं बुडेल इतकं तेल. एकही भाग न फिरता ती एका बाजूने ११,००० व्होल्ट घेते आणि दुसऱ्या बाजूने ४३३ व्होल्ट देते.

ही किमया पहिल्यांदा पाहिली ती लंडनमध्ये, २९ ऑगस्ट १८३१ रोजी, मायकेल फॅरेडेने. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वाढलेला. त्याने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडली, दुसऱ्याला विजेचा प्रवाह दाखवणारी सुई. दोन तारांचा एकमेकींशी कुठेही संबंध नव्हता, तरी बॅटरी जोडताक्षणी सुई हलली. मग ती जागेवर आली आणि बॅटरी काढताना पुन्हा, उलट दिशेला हलली. मधल्या वेळात, प्रवाह सुरळीत वाहत असताना, सुई गप्प. चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. बदललं तरच शेजारच्या तारेत वीज जागी होते. दहावीच्या विज्ञानातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. शेताच्या बांधावरची डीपी म्हणजे फॅरेडेचं तेच कडं, आकाराने वाढलेलं आणि तेलात बुडवलेलं.

चुंबकत्व सतत बदलत राहावं याची सोय वीज तयार होते तिथेच केलेली असते. शेगावहून अकोल्याकडे रेल्वेने निघालं की नागझरीनंतर पारस लागतं. तिथल्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळसा दळून पिठासारखा करायचा, तो जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेच्या जोराने टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्या फिरवायचं. टर्बाइनच्या दांड्यावर विद्युतचुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याची वेटोळी. मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. म्हणून आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. पारसची वीज पारसजवळच वापरली जाते असं मात्र नाही. देशभरची केंद्रं एकाच जाळ्यात जोडलेली आहेत आणि सगळी एकाच लयीत फिरतात. ती लय शिवारात ऐकूसुद्धा येते. रात्री थ्री फेज लाइन आली की डीपी गुणगुणायला लागते. गाभ्यातलं पोलाद प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणतं आणि सैलावतं, म्हणून तो गुणगुणाट सेकंदाला १०० कंपनांचा असतो.

मग व्होल्टेज आधी चढवायचं आणि शेतात आणून उतरवायचं, हा खटाटोप कशाला? उत्तर तारेच्या उष्णतेत आहे. तारेत वाया जाणारी ऊर्जा विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच शक्ती ११,००० ऐवजी ४३३ व्होल्टवर वाहून न्यायची तर विद्युतधारा पंचवीस पट लागेल आणि त्याच तारेतला नाश सव्वासहाशे पट होईल. सबस्टेशनपासून शेतापर्यंतच्या वाटेत पंपाला काही उरणारच नाही. म्हणून डीपी शेताजवळ हवी, आणि तिच्या पुढची लाइन जितकी लांब तितका शेवटच्या पंपाला कमी दाब.

हाच वर्गाचा नियम डीपीचा जीवही घेतो. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे साधारण दहा पंप नीट चालतात. रब्बीत हरभरा-गहू ओलिताला आले, देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडच्या शेडनेटमधले बियाण्यांचे प्लॉट तहानले, की त्याच डीपीवर पंधरा पंप लागतात. धारा दीडपट झाली की वेटोळ्यांतली उष्णता सव्वादोन पट होते. तेल ती पेलायला पाहतं, पण तारेवरचा कागद करपत जातो. ठरलेल्या मर्यादेपुढे तापमान दर सहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. लोक म्हणतात, डीपी काल रात्री जळाली. खरं तर ती कित्येक रात्री जळत होती. गव्हाची मुकुटमुळं फुटतात ती पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास, आणि ते पाणी चुकलं तर उत्पन्नात कायमची खोट येते. नेमक्या त्या आठवड्यात जळालेली डीपी किती महाग पडते, हे हिशेबाच्या वहीत कुठे लिहिलं जात नाही.

यावर उपाय निघत आहेत. एचव्हीडीएस, म्हणजे उच्चदाब वितरण, पद्धतीत एक-दोन पंपांना मिळून एक छोटी डीपी देतात. सौर पंपाला तर डीपीच लागत नाही. पण जिथे दहा-पंधरा विहिरी एकाच डीपीवर आहेत तिथे तिचं आयुष्य बरंचसं तिच्यावरच्या शेतकऱ्यांच्याच हातात आहे. ऑटो स्विचचंच पाहा. माणूस घरी झोपलेला असतो, लाइन आली की पंप आपोआप चालू. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते. एकेक पंप सुरू झाला तर डीपी ते सहज सोसते. सगळे एकाच सेकंदाला सुरू झाले तर नाही. रात्रीच्या पाळीला साप-विंचवाच्या भीतीने कोणी ऑटो स्विच लावला तर त्याला दोष देता येत नाही. पण लाइन आल्यावर काही मिनिटं थांबून, आणि शेजाऱ्याच्या आगेमागे पंप सुरू होईल अशी वेळ लावणारं उपकरणही बसवता येतं.

फ्यूजची गोष्ट याहून गंभीर. फ्यूजची बारीक तार वितळते ती डीपी वाचावी म्हणून. तिच्या जागी जाड तार अडकवली की वितळायची पाळी आतल्या वेटोळ्याची. शिवाय लाइन चालू असताना डीपीच्या पेटीत हात घालून दरवर्षी कुठे ना कुठे तरणीताठी माणसं गेली आहेत. ते काम लाइनमनचं. कितीही घाई असली तरी त्याचंच.

आणि कॅपॅसिटर. मोटरला चुंबकत्व उभं करायला जी धारा लागते ती पाणी उपसत नाही, नुसती डीपी आणि मोटर यांच्यात येरझारा घालते आणि वाटेत तारा तापवते. कॅपॅसिटर ती धारा मोटरजवळच पुरवतो. पाच एचपीच्या पंपाला दोन केव्हीएआरचा पुरतो. सगळ्यांनी तो बसवला तर दहा पंप पेलणारी ६३ केव्हीएची डीपी बारा पंप पेलते. एकट्याने बसवून फारसा फरक पडत नाही. म्हणून दिवाळी झाली, हरभरा पेरून झाला, की पहिलं पाणी सोडण्याआधी एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा बसावं, पंप मोजावेत आणि कॅपॅसिटर एकदमच आणावेत.