नव्या कॅमेऱ्याची निवड आणि बटणांची मांडणी : अध्ययन संक्रमणाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयातील एखाद्या विभागासाठी कॅमेरा खरेदी करावयाचा असतो, तेव्हा पुरवठादारांकडून दरपत्रके मागविली जातात व त्यांवरून तुलनात्मक तक्ता तयार होतो. मेगापिक्सेल, आयएसओची कमाल मर्यादा, दर सेकंदास टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या आणि किंमत हे त्या तक्त्याचे नेहमीचे स्तंभ होत. कॅमेरा हातात धरल्यावर अंगठा कोठे पडतो आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना कोणते बटण न पाहता सापडते, यासाठी मात्र त्या तक्त्यात स्तंभ नसतो. वास्तविक एकाच किंमतपातळीवरील दोन कॅमेऱ्यांच्या सेन्सरमधील फरक सर्वसाधारण आकाराच्या छापील चित्रात क्वचितच नजरेस येतो. बटणांच्या मांडणीतील फरक मात्र प्रत्येक चित्राच्या वेळी जाणवतो. ज्याने एक कॅमेरा आठ-दहा वर्षे वापरला आहे, त्याच्या बाबतीत तर नव्या बॉडीच्या निवडीत हाच मुद्दा निर्णायक ठरण्याइतका महत्त्वाचा आहे.

हाताचे अध्ययन

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांस अध्ययन संक्रमणाची संकल्पना परिचित आहे. आधीचे अध्ययन नव्या अध्ययनास साहाय्यक ठरले तर ते धन संक्रमण आणि अडथळा आणू लागले तर ऋण संक्रमण. मराठी टंकलेखन यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेल्या लिपिकास संगणकावरील इन्स्क्रिप्ट कळफलक नवशिक्यापेक्षाही अवघड वाटतो, याचे कारण ऋण संक्रमणात आहे. लिपी तीच, कामही तेच. परंतु बोट सवयीने ज्या कळीकडे जाते, तेथे आता दुसरेच अक्षर बसलेले असते.

या प्रश्नाचा एक पद्धतशीर अभ्यास झाला तो विमानांच्या संदर्भात. अमेरिकेतील राइट फील्ड येथील प्रयोगशाळेत पॉल फिट्स व जोन्स यांनी १९४७ मध्ये वैमानिकांकडून घडलेल्या ४६० चुकांचे विश्लेषण केले. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास चुका एका नियंत्रकाऐवजी दुसराच हाताळल्यामुळे घडलेल्या होत्या. बी-२५, सी-४७ आणि सी-८२ या विमानांत इंजिनाशी संबंधित तीन दांड्यांचा क्रम निरनिराळा होता. एका विमानावर तरबेज झालेला वैमानिक दुसऱ्यात बसला की संकटाच्या क्षणी त्याचा हात जुन्याच जागी जाई. यातील लक्षणीय बाब अशी की, निवांत वेळी त्याच वैमानिकास नवा क्रम बिनचूक सांगता येत असे. ज्ञान होते, पण घाईच्या क्षणी हात त्या ज्ञानाची वाट पाहत नव्हता. छायाचित्रकाराची चूक जीवघेणी नसते हे खरे, तथापि तिची जातकुळी हीच आहे.

चकती, बटण व पुन्हा चकती

कॅमेऱ्याची मांडणी कधीही एकसारखी नव्हती. निकॉन एफ (१९५९) मध्ये शटरवेगाची चकती वरच्या पृष्ठावर होती. योशिहिसा मैतानी यांच्या ऑलिंपस ओएम-१ (१९७२) मध्ये ती लेन्सच्या बैठकीभोवती कड्याच्या रूपात आली व शटरवेगाचे काम डाव्या हाताकडे गेले. मिनोल्टा ७००० (१९८५) ने चकती काढून बटणे दिली. वेग वाढविण्यासाठी एक आणि कमी करण्यासाठी दुसरे. कागदावर ही सुधारणा होती. प्रत्यक्षात चकती एका झटक्यात अनेक टप्पे ओलांडते, तर बटण पुनःपुन्हा दाबावे लागते. पुढच्याच वर्षी आलेल्या कॅनन टी ९० मध्ये शटरच्या बटणामागे, तर्जनीस सहज पोहोचेल अशी चकती बसविण्यात आली आणि बॉडीला हाताच्या मुठीत बसणारा गोलावा मिळाला. १९८९ च्या ईओएस-१ मध्ये मागील बाजूस अंगठ्यासाठी मोठी चकती आली, तर निकॉनने १९९६ च्या एफ५ मध्ये पुढे एक व मागे एक अशा दोन लहान चकत्या दिल्या. या दोन घराण्यांतील भेद डिजिटल काळातही टिकून राहिला.

डी ७०० वरून डी ७५० कडे

एकच घराणे न सोडताही मांडणी कशी बदलते, याचे बोलके उदाहरण निकॉनमध्ये सापडते. २००८ च्या डी ७०० मध्ये १२.१ मेगापिक्सेलचा पूर्ण आकाराचा सेन्सर होता. २०१४ मध्ये आलेल्या डी ७५० मध्ये २४.३ मेगापिक्सेल होते. बॉडीचे वजन ९९५ ग्रॅमवरून ७५० ग्रॅमवर आले होते आणि मागील पडदा वरखाली कलता झाला होता. शटरवेगाची मर्यादा १/८००० वरून १/४००० सेकंदावर उतरली ही एक उणीव सोडली, तर तुलनात्मक तक्त्यात डी ७५० सहज सरस ठरला असता.

हाताचा अनुभव मात्र वेगळा होता. डी ७०० मध्ये अंगठ्याखाली फोकससाठी ‘एएफ-ऑन’ हे स्वतंत्र बटण होते. वन्यजीव व वृत्त छायाचित्रकारांपैकी अनेकजण शटरच्या बटणाकडून फोकसचे काम काढून घेऊन ते या बटणाकडे सोपवितात. तर्जनी चित्र टिपते, अंगठा फोकस धरतो वा सोडतो. डी ७५० मध्ये हे बटण नव्हते. एक्स्पोजर व फोकस स्थिर करणाऱ्या बटणास सेटिंगमधून हे काम देता येत असे, पण मग त्या बटणाचे मूळ काम अन्यत्र न्यावे लागे. आयएसओ, व्हाइट बॅलन्स व चित्रदर्जा यांची तीन बटणे डी ७०० मध्ये वरच्या डाव्या खांद्यावर होती. डी ७५० मध्ये त्या जागी मोड बदलण्याची चकती आली आणि ती तिन्ही कामे पडद्याच्या डावीकडील बटणांकडे गेली. जुना डी ७०० धारक मंद प्रकाशात आयएसओ वाढवावयास जाई, तेव्हा त्याचे बोट मोडच्या चकतीवर पडे. ज्यांनी डी ७५० हा डी ७०० चा खरा वारस मानला नाही, त्यांच्या नाराजीस जुनी सवय एवढेच नाव देऊन भागत नाही.

पुढे डी ५०० (२०१६) व डी ८५० (२०१७) मध्ये निकॉनने आयएसओचे बटण उजव्या हाताच्या तर्जनीजवळ, शटरच्या बटणामागे आणले. ही जागा निःसंशय अधिक सोयीची. डाव्या हाताने जड लेन्स सावरलेली असताना आयएसओ बदलता येतो. तरीही जुन्या सवयीच्या दृष्टीने हाही एक बदलच होता, आणि चांगला बदलसुद्धा प्रथम किंमत वसूल करतो. सोनीच्या ए७ (२०१३) मध्ये शटरचे बटण वरच्या सपाट भागावर होते, ते वर्षभरातच ए७ II मध्ये पकडीच्या पुढच्या उतारावर आणले गेले. उत्पादकांनाही मांडणीचे महत्त्व मान्य करावे लागते ते असे.

घराणेच बदलले तर ऋण संक्रमण बोटांपुरते राहत नाही. कॅमेरा समोरून पाहिला असता कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बसते, निकॉनची उलट दिशेने. निकॉनच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांत एक्स्पोजरच्या पट्टीवर अधिकचे चिन्ह डावीकडे असे.

दुकानात व विभागात

या दृष्टीने निवड करावयाची तर नवी बॉडी नेहमीच्या सर्वांत जड लेन्ससह हाती घेऊन पाहणे आवश्यक ठरते. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलविता आयएसओ बदलणे, फोकसबिंदू सरकविणे, एक्स्पोजर कमी-अधिक करणे आणि टिपलेले चित्र मोठे करून पाहणे या चार क्रिया जमतात का, हे दहा मिनिटांत कळते. करंगळी पकडीखाली लोंबकळते का, हेही पाहावे. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांचे नाक मागील पडद्यावर टेकते, त्यामुळे स्पर्शाने फोकसबिंदू हलविणारा पडदा त्यांच्यासाठी सोयीऐवजी उपद्रव ठरू शकतो.

उपयोग बदलला की निकषही बदलतात. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बोटभर उंचीच्या वनस्पतींची नोंद घेणाऱ्या वनस्पतिशास्त्र विभागास डी ७५० सारखा कलता पडदा मोलाचा, कारण त्यामुळे ओल्या मातीत आडवे पडण्याची गरज राहत नाही. परंतु त्याच पावसात कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. बटणे पिशवीवरून चाचपून ओळखावी लागतात, तेथे उठावदार बटण व खाचांची चकती उपयोगी पडते. पृष्ठभागाशी समतल असलेली बटणे बोटास सापडतच नाहीत.

विभागाचा कॅमेरा दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या हाती जातो, हाही मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. तेथे कोणाचीही जुनी सवय नसते, म्हणून ऋण संक्रमणाचा प्रश्नही फारसा उद्भवत नाही. डी ७०० धारकांना खटकलेली मोडची चकती येथे गुण ठरते, कारण तिच्यावरील यू१ व यू२ या स्थानांवर शिक्षकाने ठरविलेल्या सेटिंग साठविता येतात आणि आधीच्या विद्यार्थ्याने केलेले फेरफार चकती फिरवून दूर होतात. विभागात आधीचा एक कॅमेरा वापरात असेल व एकाच हाती दोन्ही द्यावयाचे असतील, तर मात्र परिस्थिती अगदी वेगळी होते. एका कार्यक्रमात दोन बॉडी खांद्याला लावून काम करणाऱ्याचा हात तासाभरात वीस वेळा एका मांडणीवरून दुसरीवर जातो, आणि त्यामुळे कोणतीच मांडणी अंगवळणी पडत नाही. लग्नसमारंभांत काम करणारे कित्येक व्यावसायिक एकाच मॉडेलच्या दोन बॉडी घेतात, त्यामागे हेही एक कारण आहे. विभागाने दुसरी बॉडी मागविताना पहिल्या बॉडीचे मॉडेल मागणीपत्रात आवर्जून नमूद करावयास हवे.