छोटे विमान, मोठी जखम

हाताची जखम शिवायला घेण्यापूर्वी "हे कशाने झाले?" असे आम्ही डॉक्टर विचारतोच. आपल्या भागात त्याची उत्तरे ठरलेली असतात. कडबा कुट्टी, मळणी यंत्र, रसवंतीचा चरक, पिठाच्या गिरणीचा पट्टा. या यादीत आता आणखी एका उत्तराची भर पडली आहे. "डॉक्टर, विमानाच्या पंख्यात बोट गेलं." हे ऐकले की बाकावर बसलेले इतर रुग्ण चमकून पाहतात. कारण आपल्या गावात विमानतळ नाही आणि समोरचा मुलगा असतो जेमतेम अकरावीतला!

हे विमान असते रेडिओच्या रिमोटवर किंवा दोन तारांवर उडणारे, हातभर पंखांचे. एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग म्हणजे विमानांच्या प्रतिकृती बनवणे आणि उडवणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. इंजिनिअरिंगची मुलेही अशी विमाने तयार करतात. छंद उत्तम आहे. त्यात सुतारकाम येते, विज्ञान येते आणि चिकाटीही येते. त्याला माझा मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो फक्त एका सवयीला. ती म्हणजे बोटाने पंखा फिरवून इंजिन सुरू करणे.

खेळणे नव्हे, यंत्र

साडेसहा सी.सी.चे इंजिन मुठीत मावते, म्हणून ते खेळणे वाटते. पण थोडा हिशेब करून पाहू. अशा इंजिनाला साधारण १० इंच लांबीचा पंखा लावतात. पूर्ण वेगात तो मिनिटाला १२ हजार, म्हणजे सेकंदाला २०० फेरे घेतो. पात्याच्या टोकाचा वेग होतो ताशी ५७० किलोमीटरच्या पुढे. पाती दोन असल्यामुळे एकाच जागेवरून सेकंदात ४०० वेळा पाते जाते. बोटाला काही लागले हे मेंदूला कळून हात मागे येईपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. तेवढ्या वेळात पाते ८० वेळा येऊन जाऊ शकते. म्हणून "मी पटकन हात काढून घेईन" या भरवशाला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट अशी, की वेगात फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. त्या जागी नुसती पारदर्शक चकती भासते. दिसत नाही त्याची भीती वाटत नाही, आणि हात पुढे जातो. यासाठी पात्यांच्या टोकांना पांढरा किंवा पिवळा रंग द्यावा. फिरताना त्याचे कडे दिसते आणि पंखा कोठपर्यंत आहे ते समजते.

उलटा झटका

विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करणाऱ्या शेतकऱ्यांना उलटा झटका म्हणजे काय ते सांगायला नको. पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरमध्ये स्फोट झाला, की इंजिन उलट फिरते आणि हँडल मनगटावर आदळते. अंगठ्याच्या बाजूला मनगटाचे हाड अशा वेळी मोडते. वैद्यकीय पुस्तकांत त्याला आजही 'शोफर फ्रॅक्चर' म्हणतात, कारण एके काळी मोटारीचे हँडल मारणाऱ्या ड्रायव्हरांना ही दुखापत हमखास होई. अमेरिकेत १९१२ साली कॅडिलॅक मोटारींना विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर बसवण्यात आला आणि पुढे हळूहळू मोटारींचे हँडल गेले. विमानाच्या छोट्या इंजिनाला मात्र असा स्टार्टर अंगचा नसतो. हँडलच्या जागी असतो धारदार कडांचा पंखा, आणि त्यावर असते मुलाचे उघडे बोट.

या इंजिनात ग्लो प्लग नावाचा छोटा प्लग असतो. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये तो बाजारात आणला. त्यातील प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे दीड व्होल्टच्या बॅटरीवर लाल होते. एकदा इंजिन सुरू झाले की आतील उष्णतेने आणि इंधनाच्या प्लॅटिनमवर होणाऱ्या क्रियेने ही तार आपोआप तापलेली राहते. म्हणजेच बॅटरी काढली तरी इंजिन चालूच राहते. इतकेच नव्हे, तर नुकतेच बंद केलेले गरम इंजिन बॅटरी न लावताही पंखा हलवताच सुरू होऊ शकते. "बॅटरी कुठे लावली होती?" असे म्हणत आलेली बोटे मी पाहिली आहेत.

इंजिनात इंधन जास्त झाले तर उलटा झटका हमखास बसतो. पंखा फिरवताना जड लागला, मध्येच अडला, तर जोर लावू नये. प्लग काढावा, पंखा फिरवून जादा इंधन बाहेर पडू द्यावे. त्या वेळी प्लगच्या भोकापासून तोंड दूर ठेवावे.

सुरू करण्याची रीत

पुढील रीत कोणाही मुलाला पाळता येईल अशी आहे.

१) प्रथम पंखा तपासावा. चीर, खाच किंवा टवका असेल तर तो चिकटवून वापरू नये, मोडून टाकून द्यावा. नट घट्ट आहे ना, ते पाहावे.

२) जागा स्वच्छ असावी. मुरूम किंवा खडी असेल तर पंखा खडे ओढून घेतो आणि डोळ्यांकडे भिरकावतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

३) एन.सी.सी.चा स्कार्फ, ओढणी, गळ्यात लोंबणारे ओळखपत्र, रिमोटचा पट्टा, सैल बाह्या या गोष्टी काढून किंवा खोचून ठेवाव्यात.

४) विमान एका जोडीदाराने मागून घट्ट धरावे, किंवा खुंटीला बांधावे. इंजिनाचा वेग सर्वांत कमी ठेवला आहे, याची बॅटरी लावण्यापूर्वीच खात्री करावी. वेग पूर्ण असेल तर सुरू होताच विमान अंगावर येते.

५) पंखा काठीने फिरवावा. फूटभर लांबीची, अंगठ्याएवढी जाड काठी घ्यावी. तिच्यावर बागेला पाणी घालण्याच्या नळीचा तुकडा चढवावा. विजेवर चालणारा हाताचा स्टार्टर मिळाला तर अधिक चांगले. कापडी हातमोजा घालून बोटाने फिरवणे म्हणजे खोटा धीर आहे.

६) इंजिन सुरू होताच पंख्याला वळसा घालून विमानाच्या मागे यावे. बॅटरीची क्लिप काढणे, सुईने इंधन कमी-जास्त करणे ही सारी कामे मागूनच करावीत. पंख्यावरून हात नेऊ नये. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जखमा इंजिन सुरू करताना नव्हे, तर सुरू झाल्याच्या आनंदात समोरून हात घातल्याने झालेल्या आहेत.

७) बघ्यांनी पंख्याच्या समोर किंवा बाजूला उभे राहू नये. पाते तुटले तर तुकडा बाजूलाच उडतो. सर्वांनी विमानाच्या मागे राहावे.

८) इंजिन बंद करायचे तर रिमोटने किंवा इंधनाची नळी मागून चिमटून करावे. बोटाने पंखा थांबवण्याची शर्यत कोणी लावू नये.

आता बॅटरीवर चालणारी विमाने आणि ड्रोन पुष्कळ झाले आहेत. त्यांना आवाज नाही, धूर नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटतात. पण बॅटरी जोडली की मोटर कोणत्याही क्षणी फिरू शकते. शिवाय छोटे इंजिन बोट अडकल्यावर बऱ्याचदा बंद पडते, मोटर मात्र पुन्हा पुन्हा फिरण्याचा प्रयत्न करते. त्यामुळे एकाऐवजी चार-पाच काप बसतात. टेबलावर दुरुस्ती किंवा चाचणी करताना पंखा काढूनच ठेवावा. आधी रिमोट चालू करावा आणि मगच विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना याच्या उलट क्रम ठेवावा.

इंधन म्हणजे विष

ग्लो इंजिनाच्या इंधनात मुख्यतः मिथेनॉल असते. त्यात एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि थोडे नायट्रोमिथेन मिसळतात. मिथेनॉलची ओळख महाराष्ट्राला दुर्दैवाने आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, ती या मिथेनॉलमुळेच. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. दोन चमचे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. लक्षणे कित्येक तास उशिरा दिसतात. म्हणून "आता तर बरा आहे" यावर विसंबू नये, लगेच मोठे रुग्णालय गाठावे. वेळेवर गेल्यास उतारा आणि डायलिसिस यांचा उपयोग होतो.

इंधन कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नये. कॅनवर ठळक अक्षरांत 'विष' लिहावे. हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. आणखी एक धोका असा, की मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे इंधन भरताना विडी-सिगारेट दूर ठेवावी आणि पाण्याची बादली जवळ असावी. मिथेनॉल पाण्यात मिसळते, त्यामुळे भरपूर पाणी ओतल्यास ही आग विझते.

बोट कापलेच तर

प्रथम इंजिन बंद करावे, नाही तर मदतीला येणाऱ्याचाही हात जातो. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावी म्हणजे तेल आणि माती निघून जाईल. मग स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि हात छातीच्या वर ठेवावा. बोटात अंगठी असेल तर सूज येण्यापूर्वी काढावी. बोटाला दोरी आवळून बांधू नये. हळद, कॉफी, चुना, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्याने रक्त थांबल्यासारखे वाटते, पण आत काय तुटले आहे ते आम्हांला दिसेनासे होते.

पंख्याची जखम वरून लहान असली तरी आत स्नायुबंध तुटलेला असू शकतो. पेर सरळ होत नसेल, वाकत नसेल किंवा बोटाचे टोक बधिर झाले असेल, तर घरी पट्टी बांधून थांबू नका. माझ्याकडे आलेल्या एका कॅडेटने उजव्या हाताच्या तर्जनीवर आठवडाभर हळदीची पट्टी बांधली होती. जखम भरली, पण पेर सरळ होईना. पुढे शस्त्रक्रिया झाली, महिनोन् महिने व्यायाम झाला. त्या अवधीत सैन्यभरतीची तारीख निघून गेली. ज्या भरतीसाठी तो एन.सी.सी.त गेला होता, तीच!

बोटाचा तुकडा पडला असेल तर तो फेकू नका. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नये. वेळ न दवडता रुग्णाला आणि तुकड्याला एकाच गाडीने मोठ्या शहरातील प्लॅस्टिक सर्जनकडे न्यावे. निघण्यापूर्वी फोन केल्यास तेथे तयारी करता येते. अशी जखम मळलेली असते. त्यामुळे धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी.

भित्रा कोण?

वर सांगितलेल्या काठीला इंग्रजीत 'चिकन स्टिक' म्हणतात. भित्र्याची काठी! या नावामुळेच काही मुले ती हातात घेत नाहीत. मित्रांसमोर बोटाने पंखा फिरवून दाखवणे त्यांना शौर्याचे वाटते. येथे शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातील मुलांनी पुढे व्हावे. सर स्वतः काठी वापरू लागले की मुलांची लाज आपोआप जाते.

पालकांनो, शिबिराला जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत तुम्ही टोपी, पाण्याची बाटली आणि लाडूंचा डबा घालताच. तो विमाने उडवणारा असेल तर एक फूटभर काठी आणि साधा संरक्षक चष्माही घाला. खर्च फार नाही. आणि निघताना एवढेच सांगा: पंख्याला काठी लाव, बोट नको, आणि इंजिन सुरू झाले की मागे ये.