जलद

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथील शेतकरी पावसाळ्यात मेघांची वाट पाहत असतो. मेघाला संस्कृतात 'जलद' असे नाव आहे. 'जल' म्हणजे पाणी आणि 'द' म्हणजे देणारा. पाणी देतो तो जलद. हा शब्द नाम आहे.

परंतु 'जलद गाडी', 'जलद पावले' असे म्हणताना मेघाचा काही संबंध नसतो. हा दुसरा 'जलद' फारसीतील 'जल्द' या शब्दावरून मराठीत आला. वेगाने होणारा किंवा वेगाने काम करणारा, हा त्याचा अर्थ. दोन निराळ्या कुळांतले हे शब्द लिहिण्यात मात्र सारखेच दिसतात. कोठे कोणता अर्थ घ्यावयाचा, हे वाक्यावरून कळते.

वेग दाखविणारा 'जलद' हे अविकारी विशेषण आहे. काळा घोडा, काळी घोडी, काळे वासरू असे 'काळा' शब्दाचे रूप बदलते. 'जलद' तिन्ही लिंगांत तसाच राहतो. तो क्रियाविशेषण म्हणूनही येतो. 'जलद गाडी आली' या वाक्यात तो गाडीचा प्रकार सांगतो. 'गाडी जलद आली' या वाक्यात येण्याची रीत सांगतो. म्हणूनच जलद गाडीदेखील कधी उशिरा येते!

'जलद' आणि 'घाईचा' या शब्दांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आदी गावांतही दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांना जलद मदत हवी होती. क्षणाचा विलंबही प्राणावर बेतणारा होता. पुढे नवी घरे बांधावयाची होती. बेघर झालेल्यांसाठी तेही काम जलद व्हावयास हवे होते. पण घाईचे काम तेथे घातक ठरले असते. भिंत पुन्हा धक्का सोसू शकेल की नाही, हे आधी पाहणे अवश्य होते.

'जलद' शब्द केवळ वेग सांगतो. 'घाई' या शब्दात वेगाबरोबर विचाराचा अभावही येतो. म्हणून कामाची स्तुती करताना 'जलद' म्हणावे. 'घाईचे' म्हटले, की त्याच कामाला दोष लागतो.